मेंदूतला फुगा आणि प्लॅटिनमची कॉइल

मुलांनो, सायकलच्या जुन्या ट्यूबला एका जागी फुगा आलेला पाहिलाय ना? तिथलं रबर कमजोर झालेलं असतं, म्हणून हवा नेमकी तिथेच जोर करते. मेंदूतल्या रक्तवाहिनीलाही कधी कधी असाच फुगा येतो. डॉक्टर त्याला अॅन्युरिझम म्हणतात. बहुतेक फुगे काही मिलिमीटरचेच असतात आणि कित्येक तर जन्मभर काही त्रास देत नाहीत. पण एखादा फुटला, तर मेंदूभोवती रक्त पसरतं आणि जिवावर बेततं.

मग हा फुगा बंद कसा करायचा? एक उपाय म्हणजे कवटी उघडून फुग्याच्या मानेला धातूची चिमुकली क्लिप लावणं. काही फुग्यांसाठी आजही हेच करतात. दुसऱ्या उपायात कवटीला हातच लावावा लागत नाही! जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून डॉक्टर एक बारीक नळी आत सरकवतात आणि एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत थेट फुग्यापर्यंत नेतात. मग नळीतून आत जाते प्लॅटिनमची कॉइल, म्हणजे केसासारख्या बारीक तारेची गुंडाळलेली स्प्रिंग. प्लॅटिनमच का? कारण ते गंजत नाही आणि एक्स-रेमध्ये ठळक दिसतं. शिवाय त्याची बारीक तार इतकी मऊ असते, की फुग्याच्या नाजूक भिंतीला सांभाळून घेते.

नळीत कॉइल सरळ असते. बाहेर पडली, की आधीच दिलेल्या आकारात आपोआप वळते. पहिली कॉइल कडेकडेने चौकट उभी करते, पुढच्या कॉइल्स आतली जागा भरतात आणि शेवटच्या छोट्या, अगदी मऊ कॉइल्स उरलेल्या फटी बुजवतात.

पण आत गेलेली कॉइल ढकलणाऱ्या तारेपासून सोडवायची कशी? तिथे तर कात्री पोचत नाही! हे कोडं इटलीचे डॉक्टर ग्विदो गुल्येल्मी यांनी अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सोडवलं. त्यांनी प्लॅटिनमची कॉइल स्टीलच्या तारेला जोडली आणि तारेतून सुमारे एक मिलिअँपियर इतकी अगदी कमी वीज सोडली. विजेमुळे जोडाजवळचं उघडं स्टील रक्तात विरघळतं, प्लॅटिनम मात्र तसंच राहतं. झाली कॉइल मोकळी! १९९० मध्ये या पद्धतीने पहिल्या रुग्णावर उपचार झाले.

आता एक अंदाज करा. कॉइल्सनी फुग्याचा किती भाग भरत असेल? जेमतेम पाव! उरलेल्या जागेत रक्त साकळतं आणि गुठळी फुग्याचं दार बंद करते. पण कधी कधी कॉइल्स दबतात आणि दार पुन्हा किलकिलं होतं. म्हणून संशोधकांनी नव्या कॉइल्स बनवल्या. एका प्रकारात प्लॅटिनमवर आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांसारख्या पदार्थाचा थर दिला. जखम लवकर भरून यावी, ही त्यामागची कल्पना. दुसऱ्या प्रकारात हायड्रोजेल वापरलं. ते रक्तात भिजून फुगतं आणि जास्त जागा व्यापतं.

दोन्ही कल्पना छानच, नाही का? पण छान वाटणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. म्हणून रुग्णांची परवानगी घेऊन चाचण्या झाल्या. कोणाला साधी कॉइल आणि कोणाला नवी, हे डॉक्टरांच्या आवडीने नाही, तर सोडत काढावी तसं ठरवलं. २०१४ साली ६०० हून जास्त रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला: विरघळणाऱ्या थराची कॉइल साध्या कॉइलपेक्षा सरस ठरली नाही. त्याआधी २०११ मध्ये ४९९ रुग्णांच्या चाचणीत हायड्रोजेलच्या कॉइलने फुगे पुन्हा मोठ्या प्रमाणात उघडण्याचं प्रमाण कमी केलं होतं. रुग्णांच्या एकूण तब्येतीत मात्र मोठा फरक दिसला नव्हता.

म्हणूनच साधी प्लॅटिनमची कॉइल आजही वापरात आहे. कुठली कॉइल वापरायची, हे फुग्याचा आकार, त्याची मान आणि जागा बघून डॉक्टर ठरवतात. तेव्हा दोस्तांनो, कोणी ‘हे नवं आहे, म्हणजे जास्त चांगलं आहे’ असं म्हणालं, तर एवढं जरूर विचारा: जुन्याशी तुलना करून पाहिलीत का? आणि ती कशी केलीत?