सही तिची, धीर मैत्रिणीचा

झाशी जिल्ह्यातील टहरौली हे तहसिलीचे ठिकाण. बुंदेलखंडातील या गावी एका बँकेच्या शाखेत काही वर्षांपूर्वी पाहिलेला प्रसंग अजूनही मनातून जात नाही. शाळेच्या गणवेशातील दोन मुली आल्या होत्या. त्यांतल्या एकीचे वडील सोबत होते. दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः उघडून चालविण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये दिली. या मुलीला तसे खाते हवे होते. नाव विचारताच तिने मान खाली घातली. उत्तर वडिलांनी दिले. लेखनिकाने फॉर्म मात्र तिच्याचपुढे सरकविला. लिहिताना खाडाखोड झाली, डोळे पाणावले. तेव्हा मैत्रीण हळूच म्हणाली, ‘‘माझे तर दोन फॉर्म वाया गेले होते.’’ मुलगी हसली आणि दुसरा फॉर्म तिने आपणहून मागून घेतला.

मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने न्यूयॉर्क राज्यातील पाच हजारांहून अधिक किशोरवयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास १९६५ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. ‘मी इतरांहून श्रेष्ठ’ आणि ‘मी आहे तसा पुरेसा’ या दोन भावनांत त्यांनी भेद केला. आत्मसन्मान म्हणून त्यांना अभिप्रेत होती ती दुसरी. आपल्या घरांतून मात्र गुणपत्रिका हाती पडताच पहिलीचीच मशागत सुरू होते. शेजारच्या मुलाला किती गुण मिळाले, हा प्रश्न कोणत्या घरात विचारला जात नाही?

शाबासकीचेही तसेच. क्लॉडिया म्युलर व कॅरोल ड्वेक यांच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ‘किती हुशार आहेस!’ असे कौतुक झालेली मुले अपयश येताच लवकर खचली. ज्यांच्या मेहनतीची दखल घेतली गेली, ती अधिक चिकाटीने झटली.

शाळा याहून मोठे काही देऊ शकते. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या किशोरवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्यांना अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांच्यातील ही मुलगी धर्माच्या नावाने होणाऱ्या अन्यायाचा जाब विचारत होती. तिच्यापाशी सांगण्याजोगे काही आहे, हे तिच्या शाळेने मानले होते.

टहरौलीत फॉर्म परत घेताना लेखनिकाने पुन्हा नाव विचारले. वडिलांनी तोंड उघडले, आणि मग ते थांबले. नाव मुलीने सांगितले.