घाटाखालचं आपलेपण

कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याला, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली कोंढाणे लेणी आहेत. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात ब्राह्मी लिपीतली एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, असा तिचा अर्थ. बलकाने बापाचं नाव कोरलं नाही, गावाचंही नाही. घर सोडलेल्या त्या माणसाने कुणाचा म्हणून ओळख द्यायची, तर गुरूचा.

कर्जत-खालापूर हा तसा वाटेवरचा मुलूख. बोरघाटातून आधी बैलांचे तांडे उतरले, १८६३ पासून आगगाडी धावू लागली, मग कारखाने आले, द्रुतगती महामार्ग आला. ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांशेजारी घाटावरून आलेले कामगार राहू लागले आणि मुंबईत घर न परवडलेली कुटुंबंही. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून गाव आपलं होतंच असं नाही. या भागातल्या भक्तीकडे मी म्हणूनच एक प्रश्न घेऊन पाहतो: तिच्यामुळे आपल्या माणसांत आणखी कोण आलं?

दिवाळी सरली की खोपोलीजवळ साजगावला बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. कार्तिकी एकादशीला सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. तुकोबा मिरच्या विकायला कोकणात उतरले, उधारी थकली, तेव्हा विठोबाने दारोदार बोंब मारून ती वसूल करून दिली, अशी कथा इथे सांगतात. यात्रेत घोंगड्या मिळतात, बैलांचा बाजार भरतो आणि सुकी मासळीही विकली जाते. वारकऱ्यांच्या देवाच्या दारात सुक्या मासळीचा बाजार! सोवळ्या मनाला हे खटकेल. मला यात फार मोठं शहाणपण दिसतं. घाटावरचा देव कोकणात आला, तेव्हा कोकणी माणसाला ताटातलं टाकून यायला त्याने सांगितलं नाही.

अष्टविनायकांतला महडचा वरदविनायक खालापूर तालुक्यातलाच. सध्याचं देऊळ १७२५ मध्ये रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं. गाभाऱ्यात जाऊन भाविकाने स्वतःच्या हाताने पूजा करायची, ही इथली जुनी रीत.   नानासाहेब धर्माधिकारींनी १९४३ मध्ये सुरू केलेली दासबोधाच्या निरूपणाची बैठक रायगड जिल्ह्यात गावोगाव पोचली. नव्या वस्तीत आलेल्या बाईला आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी शेजारणींसोबत बसायला जागा मिळते, हे थोडं नाही. हरिनाम सप्ताहाच्या पंगतीतही अशीच ओळख होते, वाढता वाढता.

पण घरपणाचं सगळ्यात मोठं काम मला कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रात दिसतं. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याला मुंबईच्या रस्त्यावर एक तरुण करवंटीने गटाराचं पाणी पिताना दिसला. त्यांनी त्याला उचलून आणलं, उपचार केले; तो शिकलेला, आंध्रातल्या चांगल्या घरातला निघाला. तिथून १९८८ मध्ये काम सुरू झालं. बाबा आमट्यांनी पाठीवर हात ठेवला. २००६ मध्ये कर्जतचं केंद्र उभं राहिलं आणि २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण इथे येतो. औषधं, अन्न, निवारा मिळाल्यावर हळूहळू त्याला गावाचं नाव आठवतं. मग कार्यकर्ता त्याला सोबत घेऊन गाडीत बसतो, बिहारला, बंगालला, जिथे असेल तिथे, आणि दारापर्यंत पोचवतो. हजारो माणसं अशी घरी गेली. केंद्राच्या नावातली श्रद्धा अशी कामातून दिसते.

अशा आपलेपणाची गरज खालापूर तालुक्यातल्या आणखी एका वस्तीला आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या ठाकूरवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली. रस्ता नव्हता, यंत्रं चढत नव्हती. लोक भर पावसात चढून गेले आणि हातांनी माती उपसत राहिले. वाचलेल्यांना आधी कंटेनरमध्ये राहावं लागलं. पुढे चौकजवळ सिडकोने त्यांच्यासाठी पक्की घरं बांधली. छप्पर झालं, पण त्यांचे शेजारी, सोयरे वरच मातीखाली राहिले. या दोन तालुक्यांतल्या सप्ताहांना, बैठकांना, देवस्थानांना म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. यंदा त्या वसाहतीत मदतीच्या पिशव्या घेऊन जाण्याआधी नुसतं जाऊन बसा. त्यांचे सण कोणते, देव कोणते, ते विचारा आणि त्यांनी बोलावलं तर त्यांच्या नाचात उभे राहा.