एका म्यानात दोन वेटोळी

पिंपरी-चिंचवड म्हटले की डोळ्यांपुढे लोखंड उभे राहते. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने या माळरानाला कारखान्यांची ओळख करून दिली. मग टेल्कोचे ट्रक आले, आकुर्डीच्या स्कूटर आल्या, आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनने चाकणला कारखाना थाटला तेव्हा मोटारींचा हा संसार खेड तालुक्यातही पसरला. या खणखणाटात एका नाजूक वस्तूकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. ती म्हणजे मोटारीच्या दारात आणि डिकीत दडलेला लाउडस्पीकर. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाड्यांच्या वरच्या आवृत्त्यांत तर तब्बल १६ स्पीकर असतात. इंजिनाचा आवाज गेला, स्पीकरचा आला, असेच म्हणायचे!

कारखान्यात बसवलेल्या स्पीकरची काळजी नसते. तिथे सारे हिशेब आधीच झालेले असतात. खरी गंमत सुरू होते ती गाडी घरी आल्यावर. पोराला ‘बेस’ हवा असतो. रस्त्याकडेच्या अॅक्सेसरीजच्या दुकानांत काचेमागे बारा इंची सबवूफर मांडलेले असतात आणि त्यांच्या खोक्यांवर तीन अक्षरे असतात : डीव्हीसी. म्हणजे ड्युअल व्हॉइस कॉइल. ‘डबल कॉइल, डबल आवाज’ असा त्याचा सोपा अर्थ लावला जातो, हे मी अनेकदा ऐकले आहे. अर्थ सोपा आहे, पण खरा नाही. आणि या गैरसमजापायी महिन्याच्या पगारातला चांगला लचका तुटतो, म्हणून हे प्रकरण नीट समजून घेतलेले बरे.

आधी स्पीकर. त्याच्या पाठीशी जाड कडीसारखा चुंबक असतो. त्याच्या मधोमध लोखंडी दांडा, आणि दांड्याभोवती अगदी अरुंद अशी गोल फट. या फटीत एका हलक्या नळीवर गुंडाळलेले बारीक तारेचे वेटोळे अधांतरी असते. हेच ते व्हॉइस कॉइल. नळीचे दुसरे टोक कागदाच्या शंकूला चिकटवलेले असते. वेटोळ्यातून वीज वाहिली की चुंबकाच्या क्षेत्रात त्यावर बल पडते आणि ते पुढे सरकते. वीज उलटी वाहिली की मागे येते. सेकंदाला पन्नास वेळा वीज उलटसुलट झाली तर शंकू पन्नास वेळा पुढे-मागे होतो, हवा ढवळली जाते आणि आपल्याला ढोलासारखा खर्ज ऐकू येतो. अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेली ही रचना शंभर वर्षांनंतरही मुळात तशीच आहे.

आता दुसरे वेटोळे. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, पण इथे राहतात. त्याच नळीवर आणखी एक तार गुंडाळलेली असते, कधी पहिलीच्या वर तर कधी तिच्या शेजारून. दोन्हींवर रोगणाचे कवच असल्यामुळे एकीची वीज दुसरीत शिरत नाही. म्हणून अशा स्पीकरला दोनऐवजी चार टोके असतात. शंकू एक, चुंबक एक, फट एक. ओढणारे मात्र दोन. आपल्याकडच्या बैलगाड्याच्या घाटात पाहावे तसे : गाडा एकच, जुवाला बैल दोन.

दोन बैल एकाच दिशेने ओढतील तोवर ठीक. समजा जोडताना एका वेटोळ्याची लाल-काळी टोके उलट झाली. मग एक शंकूला पुढे ढकलणार आणि दुसरे त्याच वेळी मागे खेचणार. शंकू जागचा हलत नाही, आवाज जवळजवळ नाहीच, वीज मात्र पुरेपूर वाहते आणि तिची सारी उष्णता होते. नवाकोरा स्पीकर ‘मुका’ निघाला म्हणून दुकानात परत न्यावा, तर कित्येकदा दोष एवढाच असतो.

पण नीट जोडणीचेही दोन प्रकार आहेत, आणि मुख्य मुद्दा तिथेच आहे. प्रत्येक वेटोळे ४ ओहमचे धरू. ओहम म्हणजे वेटोळे विजेला किती विरोध करते त्याचे माप. दोन्ही वेटोळी एकापुढे एक जोडली, म्हणजे एकसर जोडणी केली, तर एकूण विरोध ८ ओहम होतो. समांतर जोडली तर २ ओहम. अॅम्प्लिफायरचा वीजदाब तोच राहिला तर ८ ओहमपेक्षा २ ओहमवर चौपट शक्ती खेचली जाते. मोटारीच्या बॅटरीचा दाब जेमतेम १२ व्होल्टचा. तेवढ्यातून जास्त शक्ती काढायची तर विरोध कमी करणे हा सोपा मार्ग. डबल कॉइल मोटारींत लोकप्रिय झाले ते यामुळे.

मात्र ही चौपट शक्ती देणार कोण? स्पीकर नव्हे, अॅम्प्लिफायर. तो ४ ओहमपर्यंतच झेपणारा असेल आणि त्याच्या गळ्यात २ ओहम बांधले, तर तो तापतो. संरक्षण असेल तर बंद पडतो, नसेल तर जळतो. दुसरे वेटोळे शक्ती निर्माण करत नाही; ते फक्त निवड देते. एकाच स्पीकरला कधी ८ ओहमचा, कधी २ ओहमचा करता येते. एका वॅटला मिळणारा आवाज दोन्ही जोडण्यांत सारखाच असतो. एक वेटोळे मोकळे सोडले तर मात्र तो ३ डेसिबलने घटतो आणि उष्णता सोसायला निम्मीच तार उरते.

आणि समजा सारे जुळले, चौपट शक्ती मिळाली, तर आवाज चौपट होतो का? नाही. आपला कान तसा हिशेब करत नाही. शक्ती दुप्पट केली तर ३ डेसिबल वाढतात, चौपट केली तर ६. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. त्यातही स्पीकरला मिळालेल्या विजेतला फार थोडा भाग आवाज होतो, बाकीची उष्णता. तांब्याचे वेटोळे शंभर अंशांनी तापले तर त्याचा विरोध जवळपास चाळीस टक्क्यांनी वाढतो. म्हणजे जास्त कोंबायला जावे तो स्पीकर कमीच घेतो. शेजाऱ्यांना त्रास होतो तो वेगळाच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची.

दुसऱ्या वेटोळ्याचे खरे कौतुक वेगळ्याच ठिकाणी आहे. स्टिरिओचा डावा आवाज एका वेटोळ्याला आणि उजवा दुसऱ्याला दिला की एकच वूफर दोघांचा खर्ज सांभाळतो. हे चालते, कारण ५० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे सात मीटर असते आणि एवढा खर्ज कुठून येतो हे कानाला कळत नाही. अमेरिकेतल्या विल्यम वॉटकिन्स यांनी १९७० च्या दशकात दुसऱ्या वेटोळ्याचा उपयोग खोल खर्ज सावरण्यासाठी केला, आणि ‘इन्फिनिटी’ कंपनीच्या मोठ्या स्पीकरांत ती रचना वापरली गेली.

घरी डबल कॉइलचा सुटा स्पीकर असेल तर मुलांना एक प्रयोग जरूर दाखवा. त्याला काहीही जोडलेले नको. शंकू बोटांनी हलकेच, सरळ दाबून पाहा. सहज आत जातो. आता एका वेटोळ्याची दोन टोके तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा आणि पुन्हा दाबा. शंकू जड लागेल. हलणारे वेटोळे स्वतःच वीज निर्माण करते आणि ती वीज त्याच्याच हालचालीला अडवते. शाळेच्या पुस्तकातला लेन्झचा नियम बोटाला लागतो! मग दीड व्होल्टचा सेल एका वेटोळ्याला क्षणभर टेकवा. धन टोक लाल खुणेला लावल्यावर शंकू बाहेर उसळला, तर खुणा बरोबर. दुसऱ्या वेटोळ्याचीही अशीच परीक्षा घ्या.

खरेदीला जाताना विचारायचे प्रश्न दोनच : स्पीकरचे प्रत्येक वेटोळे किती ओहमचे, आणि अॅम्प्लिफायर कमीत कमी किती ओहमवर चालतो? जोडणी झाल्यावर, अॅम्प्लिफायरला तारा लावण्याआधी, मल्टिमीटरने मोजा. ४ ओहमच्या जागी साडेतीनच्या आसपास आकडा दिसला तर घाबरू नका, ते तसेच असते. दीड-पावणेदोन दिसला तर वेटोळी समांतर जोडली आहेत. या पट्ट्यातल्या घराघरांत कोणी ना कोणी कारखान्यात उभे राहून मायक्रोनचा फरक पकडत असते. त्याच हाताने रविवारी आपल्या गाडीतले दोन ओहम मोजायला पाच मिनिटे पुरतात.