चवदार तळ्याचा नऊ वर्षांचा दावा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून नौका दर्यात जायच्या आधी तिच्यावर डिझेल, बर्फ आणि गोडं पाणी चढतं. खाऱ्या दर्यावर तांडेल आणि खलाशी यांना प्यायला तेच पाणी. याच कोकणात, उत्तरेला महाडमध्ये, सार्वजनिक तळ्यातलं ओंजळभर पाणी प्याल्याबद्दल एका बॅरिस्टरला नऊ वर्षांहून अधिक काळ प्रतिवादी म्हणून दावा लढवावा लागला.

हे बॅरिस्टर डॉ. भीमराव आंबेडकर आपल्याच जिल्ह्यातले. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव. घटनाकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात, वकील म्हणून फार थोडे. १९२२ मध्ये ते लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टाच्या सनदेसाठी पैसे नव्हते, ते मित्र नवल भथेना यांनी दिले. सनद मिळाली, पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे सॉलिसिटर काम पाठवेनात. मग खालच्या कोर्टातली, जिल्ह्याच्या ठिकाणची कामं घ्यायची आणि घर चालवायला शिकवायचं, असा त्यांचा क्रम झाला. १९२६ मध्ये पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकाच्या खटल्यात त्यांनी केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांची बाजू लढवून त्यांना सोडवलं.

त्यांच्या चिकाटीची खरी कसोटी महाडला लागली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केलं होतं. कागदावर. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, आणि त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. डिसेंबरात सत्याग्रहासाठी पुन्हा हजारो माणसं जमणार, तोच गावातल्या काही सवर्णांनी तळं खासगी असल्याचा दावा दाखल करून कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम मिळवला.

त्या वेळचा आंबेडकरांचा निर्णय मला सर्वांत मोठा वाटतो. पायपीट करून आलेली माणसं तळ्यावर जायला आतुर होती. त्यांना आवरून आंबेडकरांनी कोर्टाचा हुकूम पाळला आणि लढाई कोर्टातच लढायचं ठरवलं. ज्या व्यवस्थेने आपल्याला माणूस मानलं नाही, तिच्याच कायद्याने तिला हरवायचं, ही तयारी सोपी नव्हती. महाडच्या कोर्टाने १९३१ मध्ये दावा फेटाळला. वादी जिल्हा कोर्टात गेले, तिथे हरले, मग हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी अपील फेटाळलं. १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे ते हेच ब्रूमफील्ड.

निकाल मात्र अपुराच होता. तळं नगरपालिकेचं आहे आणि अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी अनादि काळापासूनची असल्याचं सिद्ध झालेलं नाही, एवढंच कोर्टाने म्हटलं. म्हणजे रूढी पुरेशी जुनी ठरली असती, तर? ती फट राज्यघटनेने बुजवली. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांची नावं घेऊन भेदभावाला बंदी घातली. ‘तलाव’ हा शब्द वाचताना मला महाडच दिसतं.

त्याच काळात अमेरिकेत चार्ल्स ह्यूस्टन आणि थरगुड मार्शल हे कृष्णवर्णीय वकील हीच वाट चालत होते. १९३५-३६ मध्ये त्यांनी मेरीलँड विद्यापीठाचं कायदा विद्यालय कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला खुलं करून घेतलं. पुढे १९५४ मध्ये मार्शल यांनी शाळांतला वर्णभेद सर्वोच्च न्यायालयाकडून घटनाबाह्य ठरवून घेतला आणि १९६७ मध्ये ते त्याच न्यायालयात न्यायाधीश झाले. १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आंबेडकरांना हा धागा ठाऊक होता. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतल्या साम्याचा उल्लेख केला.

महाडचा निकाल लागला त्याच वर्षी, १९३७ मध्ये, आंबेडकरांनी रत्नागिरीच्या कुळांसाठी खोती, म्हणजे खोतांची जमीनदारी, नष्ट करण्याचं विधेयकही मांडलं. खोती कायद्याने संपायला १९४९ उजाडलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मंडणगडला न्यायालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांनी केलं, आंबेडकरांच्याच समाजातून आलेल्या अमरावतीच्या वकिलाने. रत्नागिरीत कायदा शिकणाऱ्या मुलामुलींनी, मिरकरवाड्यातल्या तर आवर्जून, महाडचा तो १९३७ चा निकाल एकदा मुळातून वाचावा.