घरगुती ध्वनिसंचात एकाहून अधिक विवर्धकांची उपयुक्तता

घरगुती हाय-फाय संचात प्रत्येक ध्वनिक्षेपक-पेटीस दोन विवर्धक, म्हणजे अँप्लिफायर, जोडल्यास श्रवणाची गुणवत्ता वाढते, अशी समजूत रूढ आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात या प्रश्नास आणखी एक अंग आहे. तेथे कारखाने, अवजड वाहनांचे रस्ते व वसाहती लगत असल्याने संगीत ऐकावयाचे ते बाहेरील गोंगाटाच्या पार्श्वभूमीवर.

सामान्य पेटीत खर्ज स्वरांसाठी वूफर व उच्च स्वरांसाठी ट्वीटर असतो. वेटोळी व धारित्रे यांचे विभाजक जाल एकाच विवर्धकाकडून आलेला संकेत या दोहोंत वाटून देते. विवर्धक दोन केले तरी हे विभाजन कोठे घडते, यावरच लाभ अवलंबून असतो.

पहिल्या पद्धतीत पेटीतील जाल तसेच ठेवून त्याच्या दोन शाखांना स्वतंत्र विवर्धक जोडतात. परंतु प्रत्येक विवर्धकास संपूर्ण संकेत मिळत असल्याने त्याला संपूर्ण विद्युत्‌दाब निर्माण करावाच लागतो. वाटला जातो तो केवळ प्रवाह. दाबाची मर्यादा ओलांडताच तरंगाचे शेंडे कापले जातात, आणि ही मर्यादा पूर्वीइतकीच राहते. शिवाय दोन विवर्धकांच्या वर्धनांकांत फरक असल्यास स्वरांचा तोल बिघडतो. म्हणून या पद्धतीचा लाभ अल्प होय.

दुसऱ्या पद्धतीत विभाजन विवर्धकांपूर्वीच होते व प्रत्येक विवर्धक आपल्या ध्वनिक्षेपकास थेट जोडला जातो. येथे लाभ खरा आहे. एक खर्ज व एक उच्च असे दोन शुद्ध स्वर घ्यावेत. प्रत्येकाचे शिखरमूल्य 20 व्होल्ट व भार 8 ओहम असल्यास प्रत्येकास 25 वॉटचा विवर्धक पुरतो. एकाच विवर्धकाने दोन्ही स्वर द्यावयाचे, तर शिखरे एका क्षणी जुळली असता दाब 40 व्होल्ट होतो, आणि त्यासाठी 100 वॉटचा विवर्धक लागतो. प्रत्यक्ष संगीतात उच्च स्वरांची शक्ती सामान्यतः कमी असल्याने लाभही यापेक्षा कमी पडतो. तथापि खर्जाचा विवर्धक मर्यादेपलीकडे गेला तरी त्याची विकृती ट्वीटरपर्यंत पोहोचत नाही, हा लाभ उरतोच.

अशा विभाजनास लिंकविट्झ व रायली यांची 1976 मध्ये प्रसिद्ध झालेली रचना पुष्कळ वापरली जाते. तिच्या प्रचलित रूपात संकेत विभाजन-कंप्रतेपलीकडे दर सप्तकास 24 डेसिबेलने घटतो. मात्र पेटीतील मूळ जाल बहुधा ध्वनिक्षेपकांचे दोषही सुधारीत असते. ते काढून टाकल्यास ही दुरुस्ती मापन करून नव्याने करावी लागते. त्यावाचून केलेला बदल हानिकारकही ठरेल.

आता गोंगाटाचा विचार करू. शक्ती दुप्पट केल्याने पातळी केवळ 3 डेसिबेलने वाढते. ध्वनी दुप्पट मोठा भासण्यास सुमारे 10 डेसिबेल, म्हणजे दसपट शक्ती लागते. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबेल, तर औद्योगिक क्षेत्रात अनुक्रमे 75 व 70 डेसिबेल अशा मर्यादा आहेत. ही प्रत्यक्ष मापने नव्हेत. तरी दोन क्षेत्रांतील दिवसाचे 20 डेसिबेलचे अंतर बोलके आहे. गोंगाट तितका वाढला, तर संगीत व गोंगाट यांतील अंतर पूर्ववत राखण्यास शंभरपट शक्ती हवी. दुसरा विवर्धक हे काम करू शकत नाही, आणि शेजारधर्म व रात्रीची मर्यादा यांमुळे ते करावयासही नको. यंत्रांची व वाहनांची घरघर मुख्यतः खर्ज असते. ती आपल्याहून उच्च स्वरांनाही झाकते आणि भिंतींतून सहज आत येते. खिडक्यांच्या फटी बुजविणे व रस्त्यापासून दूरची खोली निवडणे यांचा परिणाम अधिक होतो.

सारांश, विवर्धकांची संख्या हा गुणवत्तेचा निकष नव्हे. विभाजन विवर्धकापूर्वी होत असेल व ते मापनाने जुळविलेले असेल, तरच दुसऱ्या विवर्धकाचा खर्च सार्थ ठरतो. गोंगाटाच्या वस्तीत तर त्या खर्चाआधी खोली शांत करणे अधिक श्रेयस्कर.