मोठें चाक आणि आंसांतील दांते

बैलगाडीचें चाक मोठें असलें म्हणजे गाडी हलकी चालते, हें आपल्या शेतकरीवर्गास कोणी शिकवावयास नको. लहान चाक खाचखळग्यांत बसतें, मोठें चाक त्यावरून निघून जातें. आणि पावसाळ्यांत काळ्या रानांतून गाडी काढावयाची झाल्यास उंच चाकाच्या गाडीवाल्याला जो धीर असतो तो लहान चाकाच्या गाडीवाल्याला नसतो. याच अनुभवाच्या भरंवशावर पुष्कळ बागाइतदार आपल्या जीपगाडीस किंवा चारहि चाकांस ओढ असलेल्या मालमोटारीस कारखान्यानें दिले त्याहून मोठे टायर चढवितात, आणि पुढें गाडी चढावर दमूं लागली म्हणजे एंजिनास दोष देतात. आम्हीं स्वतः हेंच केलें आहे व त्याचा दंडहि भरला आहे. म्हणून या विषयावर थोडें विस्तारानें लिहिण्याचें योजिलें आहे.

मूळ चूक बैलगाडीचा न्याय मोटारीस लावण्यांत आहे. बैल गाडीला पुढून ओढतो आणि चाक नुसतें तिच्याबरोबर फिरत येतें. तेथें चाक मोठें केल्यानें तुंब्यांतील घासण कमी जाणवते, धोंडा ओलांडणें सोपें जातें, आणि बैलावर कसलाहि जादा भार पडत नाहीं. मोटारींत गोष्ट उलटी आहे. एंजिन आंसाला पीळ देतें, आंस चाकाला फिरवितो, आणि चाकाची कड जमिनीला मागें रेटून गाडी पुढें ढकलते. ज्यांच्या आडावर रहाट आहे त्यांनीं असें मनांत आणावें कीं, ज्या ओंडक्यावर दोर गुंडाळला जातो तो कोणी जाड केला. एका फेऱ्यांत दोर जास्त वर येईल हें खरें, परंतु तीच घागर ओढतांना हात भरून येतील. मोटारीचें मोठें चाक म्हणजे हा जाड ओंडका होय. एका फेऱ्यांत तें अधिक जमीन कापतें, आणि जितकी जमीन अधिक कापतें तितक्याच प्रमाणांत त्याची रेट कमी होते.

आमच्या घरीं लष्करी लिलावांतून आलेली महायुद्धकाळची एक विलीज जीप आहे. तिचे मूळचे टायर ६.००-१६ मापाचे, म्हणजे सुमारें २९ इंच उंचीचे. पुरंदरच्या उतारावर आमची अंजिराची व सिताफळाची बाग असून तेथें जाणारी वाट खडकाळ आहे. गाडीचें पोट दगडांस लागूं नये म्हणून एका स्नेह्याच्या सल्ल्यावरून आम्हीं ७.५०-१६ मापाचे, सुमारें ३२ इंच उंचीचे टायर बसविले. बागेंत गाडी छान दिसली. आठ दिवसांनीं पुण्याहून खताच्या व पेंडीच्या आठ गोण्या जोडगाडीवर घालून दिवे घाट चढूं लागलों. जो चढ ही गाडी पूर्वी दुसऱ्या गिअरवर चढत असे, तेथें ती पहिल्यावर येऊन कण्हूं लागली. पुढें एक बस थांबली म्हणून आम्हांसहि थांबावें लागलें. पुन्हां निघतांना क्लच अर्धा दाबून एंजिन ताणावें लागलें, आणि थोड्याच वेळांत जळका वास येऊन गाडी जागच्या जागीं राहिली. चाकांमागें दगड लावून बसलों तेव्हां आठवलें कीं, जीपला घाटासाठीं निराळा खालचा गिअर असतो! शहाणपण सुचलें तें क्लच जळून गेल्यावर.

पुढची हकीकतहि सांगण्याजोगी आहे. ज्या दुकानांत गाडी नेली तेथें एंजिन झिजलें असें सांगून त्याचें पुष्कळ काम करण्यांत आलें. पैसे गेले, गाडी होती तशीच राहिली. शेवटीं एका वृद्ध मिस्त्रींनीं टायरांकडे पाहून एकच प्रश्न विचारला, ''आंसांत दांते किती आहेत ?'' आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

आंसाच्या मध्यभागीं जो लोखंडी गोळा दिसतो त्यांत एक लहान दांतेचाक व एक मोठें दांतेचाक असतें. लहानास पिनियन व मोठ्यास क्राउन म्हणतात. क्राउनच्या दांत्यांना पिनियनच्या दांत्यांनीं भागलें असतां जो आंकडा येतो त्यास आम्ही येथें दंतप्रमाण म्हणूं. आमच्या जीपमध्यें ३९ व ८ दांते आहेत, म्हणजे दंतप्रमाण ४.८८, प्रॉपेलर शाफ्टचे जवळजवळ पांच फेरे होतील तेव्हां चाकाचा एक फेरा होतो. हा आंकडा गोळा न उघडतांहि काढतां येतो. पुढच्या चाकांस पक्कीं ठोकळीं लावावीं, गाडी गिअरमधून मोकळी करावी, मागचीं दोन्ही चाकें उचलून भक्कम आधारावर घ्यावीं, शाफ्टवर खडूची खूण करून दोन्ही चाकें दोघांनीं एकाच दिशेनें बरोबर एक फेरा फिरवावीं, आणि तिसऱ्यानें शाफ्टचे फेरे मोजावे. एकच चाक फिरविल्यास आंकडा निम्मा येतो व माणूस फसतो.

आतां हिशेब पाहूं. जुन्या दंतप्रमाणास नव्या टायरच्या उंचीनें गुणावें व जुन्या उंचीनें भागावें. जो आंकडा येईल तें नवें दंतप्रमाण घातलें असतां गाडीची ओढ पूर्ववत् होते. आमच्या गाडीपुरतें, ४.८८ गुणिलें ३२ भागिलें २९, म्हणजे ५.३८. मौज अशी कीं, विलीज कंपनीनें १९४५ सालीं युद्ध संपतांना शेतकऱ्यांसाठीं म्हणून जी सी. जे. २ ए ही जीप काढली तिच्या आंसांत नेमकें हेंच ५.३८ चें, ४३ व ८ दांत्यांचें, प्रमाण होतें. एंजिन तेंच ६० अश्वशक्तीचें, टायर तेच ६.००-१६, परंतु शिपायाच्या गाडीस शेतकऱ्याची गाडी करावयाची तर प्रथम आंस बदलला पाहिजे हें त्या कारखान्यानें ओळखलें. खालचा गिअरहि १.९७ चा होता तो २.४३ चा केला, व गिअरबॉक्सहि निराळी घातली. परिणाम असा कीं, युद्धाच्या जीपमध्यें सर्वांत खालच्या गिअरांत एंजिनाचे सुमारें २६ फेरे झाले म्हणजे चाक एकदां फिरे, तेथें शेताच्या जीपमध्यें सुमारें ३७ फेरे लागूं लागले. एंजिन मिनिटास १००० फेऱ्यांनीं चाललें तर पहिली ताशीं साडेपांच किलोमीटरच्या आसपास जाते, दुसरी चारहून कमी. नांगरामागून चालणाऱ्या माणसास या दोन गतींतला फरक काय आहे हें निराळें सांगावयास नको.

मोठ्या टायरनें हीच गोष्ट उलट्या दिशेनें घडते. ताशीं ५० किलोमीटर गतीस आमच्या गाडीचें एंजिन सरळ गिअरवर पूर्वी मिनिटास सुमारें १७६० फेरे करी. ३२ इंची टायर घातल्यावर त्याच गतीस तें १५९० वर आलें. कोणी म्हणेल, मग तेल वांचेल ! सपाट डांबरी सडकेवर रिकाम्या गाडीस कदाचित् वांचेल. पण भरल्या जोडगाडीसह चढावर एंजिन आपल्या जोमाच्या खालीं घसरतें, वारंवार खालचा गिअर घालावा लागतो आणि क्लचची झीज होते. नवे दांते घातल्यावर आंकडा पुन्हां १७६० वर आला. गतिमापकहि सुधारला, कारण जीपमध्यें त्याची तार आंसाच्या अलीकडून निघते. मधल्या काळांत तो ५० दाखवी तेव्हां गाडी खरोखर ५५ नें पळत असे.

टायरवर छापलेल्या मापावर मात्र विसंबूं नये. एकाच मापाचे दोन कारखान्यांचे टायर उंचीनें सारखे नसतात, आणि ओझ्याखालीं टायर खालीं दबतो. गाडीवर नेहमींचा भार घालून, हवा नेहमींइतकी भरून, चाकावर व जमिनीवर चुन्याची खूण करावी, गाडी सरळ ढकलून चाकाचा एक पूर्ण फेरा होऊं द्यावा आणि दोन खुणांमधील अंतर फितीनें मोजावें. जुन्या व नव्या टायरचीं अशीं दोन अंतरें मिळालीं कीं वरच्या हिशेबांत उंचीऐवजीं तींच घालावीं.

चार चाकांस ओढ असलेल्या गाडीचे दोन्ही आंस एकाच दंतप्रमाणाचे असले पाहिजेत. खर्च वांचविण्यासाठीं मागचाच आंस बदलून भागत नाहीं. जीपसारख्या गाडींत पुढची ओढ जोडली म्हणजे पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांस घट्ट बांधले जातात. एक आंस पांच फेऱ्यांत चाक फिरवूं लागला व दुसरा साडेपांचांत, तर मधल्या दांत्यांत पीळ सांचत जाऊन कांहींतरी तुटतें. याच कारणास्तव चारहि टायर एका मापाचे व सारख्या झिजेचे ठेवावे, आणि कोरड्या पक्क्या सडकेवर पुढची ओढ सोडून द्यावी.

दांते बदलण्याचें काम घरीं करण्याजोगें नाहीं. क्राउन व पिनियन हें जोडपें कारखान्यांत एकमेकांवर घासून जुळविलेलें असतें. एक नवें व एक जुनें असा संसार टिकत नाहीं. दोहोंमधील मोकळीक इंचाच्या कांहीं हजारांशांत मोजावयाची असते, आणि ती किती हें त्या त्या आंसाच्या पुस्तकांत दिलेलें असतें. आमच्या मिस्त्रींनीं दांत्यांस तेलांत कालविलेला शेंदूर लावून चाक फिरविलें व डाग दांत्याच्या मध्यावर उमटतो कीं कडेस हें पाहिलें. कडेस उमटला म्हणून पातळ चकत्या घालून पिनियन दोनदां सरकविलें. हें काम चालू असतां आपण शेजारीं बसावें, घाई मात्र करूं नये. पहिल्या दिवशीं पंचवीस-तीस किलोमीटर रिकामी गाडी हळू चालवून आंस पूर्ण निवूं द्यावा, पहिले कांहीं दिवस जोडगाडी लावूं नये, आणि सुमारें आठशें किलोमीटरनंतर आंसांतील तेल एकदां बदलावें. त्यांत लोखंडाची बारीक कणी सांपडते. दंतप्रमाण फार वाढविण्याचा मोहहि धरूं नये, कारण त्याच गोळ्यांत प्रमाण जितकें वाढेल तितका पिनियन बारीक होत जातो व जोराच्या झटक्यास तो आधीं मोडतो.

दांते बदलून ओढ परत मिळते. ब्रेक परत मिळत नाहीं. तीन इंचांनीं उंच झालेल्या चाकाला तोच ब्रेक सुमारें दहांतला एक हिस्सा कमी धरतो, आणि दांत्यांचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. घाट उतरतांना आम्ही आतां एक गिअर खालचा ठेवतों. पूर्ण वळणावर टायर पत्र्यास किंवा सुकाणूच्या दांड्यास घासतो काय तेंहि गाडी उभी असतांनाच पाहून घ्यावें. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमानें, नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई केली आहे. तेव्हां टायर विकत घेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत व विमा कंपनीकडे विचारणा करावी, नंतर नव्हे.

इतका खटाटोप करून पदरांत काय पडतें हेंहि सांगितलें पाहिजे. टायर तीन इंचांनीं उंच झाला तरी आंसाचा गोळा जमिनीपासून दीडच इंच वर जातो. आमच्या वाटेवर त्या दीड इंचाची गरज होती. ज्यांची अडचण केवळ चिखलाची आहे त्यांनीं प्रथम मूळच्याच टायरांतील हवा थोडी कमी करून, खालचा गिअर घालून, गाडी हळू व न थांबतां नेऊन पाहावी. पक्क्या सडकेवर येतांच हवा पुन्हां भरावी. काळ्या चिकण मातींत टायरच्या खांचा भरल्या कीं मोठा टायरहि गुळगुळीत होतो, ही गोष्ट टायर विकणारा सांगत नाहीं.

हाच हिशेब चारहि चाकांस ओढ असलेल्या ट्रॅक्टरमध्यें लपलेला असतो, आणि आपल्यापैकीं जीपवाल्यांपेक्षां ट्रॅक्टरवाले अधिक आहेत. तेथें पुढचीं चाकें लहान व मागचीं मोठीं असल्यामुळें कारखाना दोन्ही आंसांचीं दंतप्रमाणें निरनिराळीं ठेवून अशी जुळणी करतो कीं, पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां शेंकडा एक ते पांच इतकी अधिक जमीन कापूं पाहतात, म्हणजे ट्रॅक्टर पुढून ओढला जातो. मागचे टायर झिजले म्हणून त्यांच्या जागीं जरा मोठे घातले कीं हा मेळ मोडतो. मागचीं चाकें पुढच्यांना ढकलूं लागतात, पुढचे टायर लवकर खातात व पुढच्या आंसाचें तेल तापतें. मागील टायर बदलतांना चुन्याच्या खुणांची मोजणी पुढच्या व मागच्या दोन्ही चाकांवर करावी, आणि आलेले आंकडे ट्रॅक्टरच्या पुस्तकांतील आंकड्यांशीं ताडून मगच दुकानदारास पैसे द्यावे.