मनात आलं म्हणजे मनात होतं असं नाही

बाळंतीण विळीवर भाजी चिरत असते, शेजारी झोळीत बाळ झोपलेलं असतं आणि एकदम मनात येतं: ही विळी मीच बाळाला लावली तर? ती दचकून विळी माळ्यावर टाकते, बाळाला सासूकडे देते आणि दिवसभर स्वतःच्याच हातांची धास्ती घेऊन वावरते. कुर्डुवाडी जंक्शनवर उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराला गाडी आत येताना वाटतं, आत्ता उडी मारली तर? माढेश्वरीपुढे हात जोडणाऱ्या म्हाताऱ्याच्या मनात देवीबद्दल अशी शिवी येते, की प्रसाद न घेताच तो बाहेर पडतो. असं माढा तालुक्यात कुणाच्याही घरी घडू शकतं, आणि घडतं तेव्हा माणूस बहुधा गप्प राहतो. गप्प राहण्याचं कारण म्हणजे या विचारांबद्दल आपण धरून बसलेल्या काही चुकीच्या समजुती.

‘चांगल्या माणसाच्या मनात असलं येतच नाही’

येतं. लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ स्टॅनली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डिसिल्वा यांनी कोणताही मानसिक आजार नसलेल्या लोकांना हेच विचारलं. १९७८ साली त्यांनी निष्कर्ष छापला: दहातल्या जवळजवळ आठ जणांना असे नकोसे विचार येत होते. शिवाय विचारांचा नुसता मजकूर वाचून कोणता रुग्णाचा आणि कोणता निरोग्याचा, हे जाणकारांनाही धड ओळखता आलं नाही. पुढे २०१४ मध्ये १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ९४ टक्क्यांना मागच्या तीन महिन्यांत निदान एक तरी असा विचार आलेला होता. कॅनडातल्या एका पाहणीत पहिलटकरणींपैकी जवळपास निम्म्या जणींनी सांगितलं, की आपल्याच हातून मुद्दाम बाळाला इजा होईल असा विचार मनात येऊन गेला. मन चिंती ते वैरी न चिंती, हे आपल्या आज्यांना कुठल्याही पाहणीशिवाय ठाऊक होतं.

‘विचार आला म्हणजे आत कुठेतरी तशी इच्छा असणार’

सगळ्यांत जास्त छळ हाच समज करतो. नकोसे विचार बहुतेकदा आपल्याला जे सर्वांत जवळचं असतं, त्यालाच धरून येतात. आईला बाळाबद्दल येतात, भाविकाला देवाबद्दल. इंग्रज धर्मोपदेशक जॉन बन्यन यांनी १६६६ साली आपल्या आत्मकथनात देवनिंदेच्या विचारांनी झालेला छळ लिहून ठेवला आहे, आणि त्यांची श्रद्धा काही लेचीपेची नव्हती. उडी मारण्याच्या ऊर्मीबद्दल २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की आत्महत्येचा विचार आयुष्यात कधीच न केलेल्यांपैकीही अर्ध्याहून अधिक जणांनी उंचावर उभं असताना ती अनुभवली होती. ज्या विचाराने अंगावर काटा येतो, जो नको म्हणून आपण विळी लपवतो, तो आपल्या मूल्यांच्या विरुद्ध आहे म्हणूनच एवढी भीती वाटते. फक्त असा विचार येतो म्हणून बाळाला आईपासून तोडणं हा त्या आईवर अन्याय आहे.

‘विचार दाबायचा, नाही तर नाव घेत राहायचं’

मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पांढऱ्या अस्वलाचा विचार पाच मिनिटं करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. घंटी वाजतच राहिली, आणि नंतर विचाराला मोकळीक दिल्यावर अस्वल आणखी जास्त आठवलं.

नामस्मरणाबद्दल नीट बोलायला हवं, कारण इथे मंगळवेढा-पंढरपूर हाकेवर आहेत आणि जप घराघरात आहे. प्रेमाने रोज घेतलेलं नाम वेगळं. वाईट विचार ‘खोडण्यासाठी’ अकरा वेळा नाव घ्यायचं, मधेच खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून, आणि तसं केलं नाही तर घरच्यांना काही होईल असं वाटत राहायचं, हे भक्तीतलं नाही. तसंच नवऱ्याला दहादा विचारणं, ‘मी तसं काही करणार नाही ना?’ उत्तराने घटकाभर बरं वाटतं, पण त्याच सुटकेमुळे मेंदूला वाटतं की धोका खरा होता, आणि विचार जोर धरून परत येतो.

मग करायचं काय? ‘हा तोच नकोसा विचार’ एवढं ओळखायचं. त्याच्याशी वाद घालायचा नाही, अर्थ शोधायचा नाही, हातातली भाजी चिरत राहायची. भीती वाढेल, काही वेळाने ओसरेल. झोप मोडलेली असली की हे विचार बळावतात, म्हणून बाळंतिणीला सलग झोप मिळू देणं हे घरच्यांचं काम आहे.

‘बाहेरचं असेल, उतरून टाका’

लिंबू उतरवण्यात महिने जातात आणि आजार मुरतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

‘डॉक्टरकडे गेलं की वेडा ठरतो’

विचार येऊन निघून गेला तर डॉक्टरची गरज नाही. दिवसातला तासभर किंवा अधिक वेळ त्यातच जात असेल, पुन्हा पुन्हा हात धुणं, तपासणं, मनातल्या मनात मोजणं सुरू झालं असेल, बाळाला अंघोळ घालणं किंवा देवळात जाणं टाळलं जात असेल, तर दाखवायला हवं. जुनी माणसं ज्याला मंत्रचळ म्हणत, तो हा ओसीडी, म्हणजे नकोसे विचार आणि त्यांपायी पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींचा आजार, आणि त्याला उपचार आहेत. भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं आणि ती शमवणारी कृती करायची नाही, ही पद्धत मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडली आणि आजही तीच मुख्य मानली जाते. सोबत फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन यांसारखी औषधं देतात. या झोपेच्या गोळ्या नाहीत, यांची चटक लागत नाही. पूर्ण गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, म्हणून पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडू नयेत आणि डॉक्टरांना न विचारता एकदम बंदही करू नयेत.

काही लक्षणांत मात्र एक दिवसही थांबू नये. विचाराची भीती न वाटता तो बरोबर वाटू लागला, कुणीतरी हुकूम देत असल्याचा आवाज ऐकू येऊ लागला, बाळंतीण रात्र रात्र न झोपता भ्रमात बोलू लागली किंवा बाळात काही शिरलंय म्हणू लागली, तर तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका. १०८ ला फोन करा, त्याच दिवशी दवाखाना गाठा. कुणाला मरावंसं वाटत असेल, तर सरळ विचारा. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. घरातलं तणनाशक आणि कीटकनाशक कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या.

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. तिथवर जाणं जमत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत आशाताई घरी अनेकदा येतात, त्यांनाही सांगता येईल. सुरुवात कशी करायची ते सुचत नसेल तर एवढंच म्हणा: ‘माझ्या मनात भयंकर विचार येतात, मला ते नको आहेत, आणि त्यांची मला भीती वाटते.’